बाजूच्या सीटवरचा ब्रेक

माझे भावोजी लोकांना गाडी चालवायला शिकवतात. आमच्या गावातल्या निम्म्या माणसांना गाडी येते ती त्यांच्यामुळे, आणि उरलेल्या निम्म्यांना रस्ता ओलांडायची धास्ती वाटते तीही त्यांच्यामुळेच, असं माझी ताई म्हणते. ती त्यांची बायको असल्यामुळे तिला असं म्हणायचा अधिकार आहे. बाकी सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी तोंडावर भावोजी म्हणत असलो तरी मनात मास्तरच म्हणतो.

शिकवणीच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. स्टिअरिंग मात्र एकच, आणि ते शिकणाऱ्याच्या हातात. म्हणजे मास्तरांना गाडी थांबवता येते, वळवता येत नाही. एवढ्या सोयीवर त्यांनी उभं आयुष्य काढलं. समोरून भिंत येत असते, शेजारचा इसम फांदीला लटकावं तसा स्टिअरिंगला लटकलेला असतो, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत शांतपणे पाय दाबतात. गाडी थांबते. "आरसा," ते म्हणतात. त्यांच्या शिकवणीत एका वेळी एकच शब्द असतो. आरसा. सोड. हळू. पूर्ण वाक्य बोलायला गेलं तर मध्येच खांब येतो, असा त्यांचा अनुभव आहे.

त्यांचं ऑफिस म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, उन्हानं इतका उडालेला की 'प्रवेश बंद' आणि 'थांबा' यांत आता फारसा फरक उरलेला नाही. टेबलावर एक फळी, फळीवर रंगानं काढलेला चौक, आणि गाड्या म्हणून काड्यापेट्या. मास्तर दोन काड्यापेट्या समोरासमोर आणतात आणि विचारतात, "आता कोण थांबणार?" विद्यार्थी डोकं खाजवून काहीतरी सांगतो. मास्तर म्हणतात, "तू." उत्तर नेहमी हेच असतं.

घरीही तोच कारभार. कुणी चहा ओतत असलं तर "हळू." ताईचा आवाज चढायला लागला की मात्र तोही शब्द फुटत नाही; फक्त त्यांचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर दाबला जातो. ताईला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. "तेव्हापासून मी ह्यांच्या तोंडाकडे बघायचं सोडलं," ती म्हणते. "तोंडावर काही लिहिलेलं नसतंच. पाय बघते."

त्यांना एकुलती एक मुलगी. गाडी ती अर्थातच बापाकडे शिकली, पण तेवढ्यावर थांबली नाही. क्रेन शिकली. आधी एका गोदामात लहान क्रेन चालवली, आणि मग एक दिवस बंदरावरून फोन आला. बोटीतले मालाचे डबे उचलून धक्क्यावर ठेवणारी उंच क्रेन. वर काचेची खोली, आणि चालवणारा आपल्याच पायांखालून खाली बघत काम करतो. जागा रिकामी आहे, अमुक दिवशी ऑफिस बंद व्हायच्या आत हजर व्हा, नाहीतर तुमच्या मागे एक जण उभाच आहे, असं फोनवरच्या साहेबांनी सांगितलं. भाची दिवसभर घरात उड्या मारत होती. अशी जागा तिच्या बरोबरीच्या कुणालाच मिळाली नव्हती, आणि दुसऱ्यांदा मिळणारही नव्हती.

रात्री जेवताना मास्तरांनी एकच चौकशी केली. "वरच्या खोलीत सीट किती असतात?"

"एकच, बाबा."

"मग शिकवणारा कुठे बसतो?"

"बसत नाही. खालून वायरलेसवर बोलतो."

ताईनं वाकून टेबलाखाली बघितलं.

वास्तविक बस होती. सकाळी निघायची आणि थेट बंदराच्या दारात नेऊन सोडायची. पण मास्तरांचं म्हणणं पडलं की घरची गाडी असताना पोरीला बसनं धाडलं तर लोक तोंडात शेण घालतील. ताईला समुद्र बघायचा होता. तिनं तो आजवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, तोही ज्या महिन्यात होता तो महिना लवकर संपला. अशा रीतीनं एका मुलीनं नोकरीवर हजर व्हायची साधी गोष्ट चार माणसांची सहल होऊन बसली. मला का घेतलं ते मला निघेपर्यंत कळलं नव्हतं. निघताना कळलं. भाचीची गादी डिकीत मावत नव्हती. ती मागच्या सीटवर दुमडून उभी केली, तिच्या एका बाजूला ताई आणि दुसऱ्या बाजूला, ती पडू नये म्हणून, मी.

चालवायचं कुणी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. भाची स्टिअरिंगपाशी बसली आणि मास्तर जाऊन आपल्या सीटवर बसले. त्या घरात देवानंतर जागा ठरलेल्या असतात त्या गाडीतल्या.

पहिली अडचण टपावर होती. 'शिकाऊ गाडी, अंतर ठेवा' ही पाटी काढायची होती, पण तिचे स्क्रू गंजून टपाशी एकजीव झाले होते. "असू दे," मास्तर म्हणाले, "लोक जपून चालवतील." लोकांनी जपून चालवलं नाही. हमरस्त्यावर जो तो आम्हाला ओलांडताना खिडकीतून मान काढून भाचीला बघून घेत होता. एका सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्यानं तिला अंगठा दाखवून धीर दिला आणि मग मास्तरांना सुनावलं, "काका, पोरगी चांगली चालवते. तुम्ही घाबरू नका, नाहीतर तीही घाबरेल." मास्तरांनी काच वर केली.

"माणूस मात्र खरं बोलला," गादीपलीकडून ताईचा आवाज आला.

दुसरी अडचण गाडीच्या स्वभावात होती. ती जन्मभर गावातल्या गल्ल्यांतून नवशिक्यांच्या हाती फिरलेली. तिसऱ्या गिअरच्या वर जायचा तिला प्रसंग आला नव्हता. चौथा तिला ऐकून माहीत होता. हमरस्त्यावर भाचीनं तो टाकला. गाडी खूश झाली. इतकी खूश झाली की त्यातून बाहेर यायला तयार होईना. पुढे रस्त्याचं काम चालू होतं तिथे थांबावं लागलं, आणि थांबल्यावर गाडीनं हाय खाल्ली. चौथ्यात सुरू होईना, चौथ्यातून निघेना. म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

"बाबा, काय करू?"

"सोड."

"सोडलाय."

"मग धर."

शेवटी रस्त्याच्या कामावरच्या एका माणसानं खाली शिरून कुठेतरी हातोडी मारली तेव्हा गिअर निघाला. पण तोवर आमची सकाळ तिथेच खर्ची पडली. बरोबर आणलेला डबा आम्ही तिथेच डांबराच्या पिंपाशेजारी उघडला. ताई म्हणाली, निदान सहलीसारखं वाटतंय. भाची जेवली नाही. ती सारखी फोनवर किती वाजले ते बघत होती आणि दर वेळी फोन उलटा ठेवत होती, जणू न बघितल्यानं वेळ थांबेल.

"पोचू गं," मी म्हणालो. मामानं काहीतरी बोलायचं असतं म्हणून.

"पोचू नाही मामा, वेळेत पोचू असं म्हण."

तसं म्हणायला माझी जीभ रेटेना. इथून पुढे घाट होता.

घाट म्हणजे उतारच उतार. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. भाचीनं बापानं शिकवलं होतं तसा दुसरा गिअर टाकला आणि वळणावर वळण घेत गाडी उतरवायला लागली. सुंदर चालवत होती. मी मागून बघत होतो, म्हणजे गादीच्या बाजूनं जेवढं दिसत होतं तेवढं. हात हलके, मान सरळ, कुठे घाई नाही. मास्तर पुढे बघत बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, पोरीचं कौतुक वाटत असेल, आणि ते कसं बोलून दाखवावं हे त्यांना सुचत नसेल.

"काहीतरी जळतंय," ताई म्हणाली.

"पुढच्या लॉरीचा वास आहे," मास्तर म्हणाले.

पुढे लॉरी नव्हती. पुढे एक शेळी होती, आणि तीही आमच्याकडे बघून बाजूला झाली.

थोड्या वेळानं खिडकीतून धूर दिसायला लागला. आणि मग भाची, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी म्हणाली, "बाबा, ब्रेक खाली जातोय. लागत नाहीये."

त्यानंतरचं मी जन्मात विसरणार नाही. मास्तरांचा आवाज जराही बदलला नाही. "पहिला." तिनं पहिला टाकला; इंजिन ओरडलं. "डोंगराकडे." ती डोंगराच्या कडेला आली. "हँडब्रेक. हळू. अजून हळू." पुढच्या वळणावर खडी पसरलेली एक मोकळी जागा होती आणि तिच्या टोकाला चहाची टपरी. गाडी खडीवर चढली, करकरली, आणि टपरीच्या बाकापासून हातभर अंतरावर उभी राहिली. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकानं पाय वर घेतले होते, ते त्यानं परत खाली सोडले.

चारही चाकांतून धूर निघत होता. टपरीवाला बादली घेऊन धावला आणि जवळ येऊन स्वतःच थबकला. "पाणी ओतून चालायचं नाही. तडकेल. निवू द्या." मग त्यानं भाचीकडे बघितलं. "बाई, सबंध घाट पाय ब्रेकवर ठेवून उतरलात काय?"

"नाही हो! वळणापुरताच लावत होते."

"मग हे असं कसं होईल?"

इंजिन टकटक करत निवत होतं. ताई गादीखालून वाट काढत उतरली, पुढच्या दारापाशी गेली, दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून खाली बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली. "पाय बघा."

मास्तरांनी पाय बघितला. त्यांचा उजवा पाय बाजूच्या सीटपुढच्या ब्रेकवर होता. अजूनही दाबलेला. गाडी उभी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि पाय आपला ब्रेकवर. मास्तर त्या पायाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणीतरी आणून तिथे ठेवला आहे आणि न्यायला विसरला आहे. सबंध घाटभर तो तसाच असणार. मागून धक्का जाणवू नये इतपत, पण चाकं तापून लाल व्हावीत इतपत.

त्यांनी पाय उचलला. पेडल हळूहळू वर आलं.

"मुद्दाम, बाबा?" भाचीनं विचारलं.

"नाही गं." ते पटकन म्हणाले. मग थांबून, "मला माहीतच नव्हतं."

आणि ते खरं होतं. माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. त्याला कुणीतरी रागावलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्या वळणावर फोनला रेंज नव्हती. बंदराच्या ऑफिसला कळवायचीही सोय नव्हती. टपरीवाल्यानं आमच्या गाडीचं भविष्य सांगितलं: आज ही खाली न्यायची नाही. निवल्यावर ब्रेक थोडा येईल, पण उताराला त्याचा भरवसा नाही. परत वर मात्र जाता येईल. चढाला ब्रेक कुणाला लागतो? म्हणजे आम्हाला घरी जायला रस्ता मोकळा होता. समुद्राकडे नव्हता.

दूर खाली, दोन डोंगरांच्या बेचक्यात काहीतरी चकाकत होतं. ताईनं डोळ्यांवर हात धरला. "तो बघ समुद्र!"

"कुठे, ते?" टपरीवाला म्हणाला. "ते पत्र्याचे कारखाने हो, आजी."

तिला समुद्र दिसला नाही याचं दुःख अधिक होतं की आजी म्हटल्याचं, हे मी विचारलं नाही.

भाची रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती. दोन मोटारी न थांबता गेल्या. एक थांबली, पण ती वर जाणारी होती. चौथ्या खेपेला बर्फाची लॉरी आली, मागून पाणी गळत, आणि आमची पाटी वाचून ड्रायव्हरनं आपणहून वेग कमी केला. जाडजूड माणूस, कानात कापसाचा बोळा. भाचीनं धावत जाऊन विचारलं.

"बंदरावर? बर्फ तिकडेच जातो," तो म्हणाला. "एकाला जागा आहे. एकालाच."

"येते मी," असं म्हणून ती बॅग काढायला वळली, तोच मास्तर लॉरीपाशी पोचले. त्यांनी आधी टायर बघितले. मग वर, ड्रायव्हरकडे.

"उतारावर कुठल्या गिअरनं नेता?"

"ज्यानं चढवतो त्यानंच."

"रस्ता ओला असला तर?"

"त्याच्या एक खाली."

"मागून कुणी सारखा हॉर्न वाजवायला लागला तर?"

"वाजवू दे की. हॉर्ननं बर्फ वितळत नाही."

मास्तर अजून काही विचारता येईल का म्हणून थांबले. सुचलं नाही. बरोबर उत्तर ऐकून त्यांचा चेहरा इतका पडलेला मी आजवर पाहिला नव्हता.

"झाला का पास?" ताई म्हणाली. "पोरीला उशीर होतोय."

मी आणि ड्रायव्हरनं मिळून गादी वर चढवली. वर बर्फाच्या लाद्यांवरच जागा होती. ती ओली होणार हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याला इलाज नव्हता, आणि त्या दिवशी इलाज नसलेल्या गोष्टींत गादीचा नंबर बराच मागे होता. भाची ताईच्या गळ्यात पडली. माझ्या पाया पडायला वाकली, मी म्हटलं पळ. मग बापासमोर उभी राहिली.

"रागावले नाहीये मी."

"मी मुद्दाम केलं नाही."

"माहीत आहे. मुद्दाम केलं असतंत तर मला कळलं असतं." ती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "बाबा, ऑफिस बंद झालं असलं तर काय करू मी?"

मास्तरांनी तिची बॅग उचलून लॉरीत ठेवली आणि दार लावून घेतलं. दार नीट लागलं की नाही हे दोनदा ओढून बघितलं. लॉरी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. पाण्याची एक रेघ रस्त्यावर राहिली, आणि ती वाळेपर्यंत मास्तर तिथेच उभे होते.

गाडी निवायला वेळ लागला. आम्ही टपरीवर चहा घेतला, मग दुसरा घेतला, मग टपरीवाल्याला बरं वाटावं म्हणून तिसरा. मास्तरांनी एकदाच तोंड उघडलं. "बसनं गेली असती तर आत्तापर्यंत पोचली असती."

"हो," ताई म्हणाली. त्याहून जास्त काही बोलली नाही. तिच्याकडून एवढी माया मी क्वचितच पाहिली आहे.

परतीला स्टिअरिंगवर मास्तर बसले. दुसरं कोण बसणार? मला येत नाही, आणि ताईला त्यांनी तीनदा नापास केलेलं आहे. ते सीटवर बसले, सीट पुढे घेतली, मागे घेतली, आरसा हलवला. ताई बाजूच्या सीटवर मांडी घालून बसली, न जाणो एखादं पेडल दाबलं जाईल म्हणून. मागे आता गादी नव्हती, त्यामुळे मला सगळं स्वच्छ दिसत होतं. बघण्यासारखं मात्र फारसं काही नव्हतं. गाडी चढाला कण्हत लागली. प्रत्येक वळणावर ताई फोन खिडकीशी धरून बघायची. ऑफिस बंद व्हायची वेळ होऊन गेली होती.

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे फोन वाजला.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, सगळं शिस्तीत. ताईला धीर नव्हता. "अगं, घेतलं का? आधी ते सांग! घेतलं?" मग तिनं आमच्याकडे तोंड केलं. "घेतलं. साहेब कुलूप लावत होता म्हणे. परत उघडलं." तिनं डोळे पुसले आणि फोन मास्तरांच्या कानाशी नेऊन दिला.

"हो," मास्तर म्हणाले. "हो. बरं झालं." मग ऐकत राहिले. "अं?"

मी मागून वाकलो होतो म्हणून मला दिसलं. फोनचा उजेड बदलला. पडद्यावर ताईनं लावलेलं कुंडीतल्या फुलाचं चित्र आलं. लाईन तुटली होती. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताईनं मागे न बघता हात उंचावून मला गप्प केलं.

मास्तर बोलतच होते. "वरून सारखं खाली बघून मान धरेल. मध्ये मध्ये उठत जा." जरा थांबले. "वारा फार असला तर वर चढायचं नाही. साहेब म्हणाला तरी नाही." पुन्हा थांबले, जेवढं कुणी उत्तर द्यायला थांबावं तेवढं. "इकडे सगळं ठीक आहे. गाडीही ठीक आहे. तू आज घाटात..." इथे त्यांना बराच वेळ लागला. "चांगली उतरवलीस. ब्रेक जाऊनसुद्धा चांगली उतरवलीस. बाजूला कुणी नसलं तरी तुला येतं." एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि मध्ये एकही खांब आला नाही. "ठेवतो मग," ते म्हणाले. काही वेळ फोन कानाशीच राहिला. मग त्यांनी तो ताईला परत केला.

ताईनं फोन पदराखाली झाकून ठेवला. "काय म्हणाली?" तिनं विचारलं.

मास्तरांनी आरशात बघितलं. मागून काही येत नव्हतं.

"हो म्हणाली," ते म्हणाले. "सगळ्याला हो म्हणाली."